मापवहीतली कर्दळ

पान १.
गिऱ्हाईक: नळाजवळचं.
उंची बासष्ट इंच. घेर चौऱ्याऐंशी.
तक्रार: उभं राहत नाही. जरा वारा सुटला की दुकानाच्या भिंतीवर रेलतं.
तपासणी: गर्दी झालीय. कंद एकमेकांच्या खांद्यावर बसलेत.
दुरुस्ती: उकरून तीन भाग. एक जागेवर. एक बेकरीला, एक दातांच्या दवाखान्याला.
तारीख: फुलेल तेव्हा.

हे अक्षर माझ्या नवऱ्याचं. वही मापांची. गिऱ्हाईक म्हणजे कर्दळ.

हे टेलर. त्रेचाळीस वर्षं त्यांनी कोट, पँटी, शर्ट शिवले, आणि त्याहून जास्त दुसऱ्यांनी शिवलेले दुरुस्त केले. काज-बटण आणि हातशिलाई माझ्याकडे. मग यांची मान आखडली, डाव्या डोळ्याला सुईची दोन-दोन नेढी दिसायला लागली आणि लेकीने दुकान हातात घेतलं. ती मापं फोनमध्ये ठेवते. मापवही अर्धी कोरी राहिली. हेही तसेच राहिले.

चार महिने हे दुकानाच्या दाराशी खुर्ची टाकून बसले. सुरुवातीला येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पँटीची टाच कुठे घासते ते त्याला ऐकवायचे. लेक म्हणायची, "बाबा, गिऱ्हाइकाला आत तरी येऊ द्या." मग तेही बोलेनासे झाले. मी चहाचा कप उचलायला गेले की विचारायचे, "किती वाजले?" पावणेदहा झालेले असायचे. बऱ्याच वेळाने पुन्हा विचारायचे, तेव्हा दहाला पाच कमी.

त्या चार महिन्यांबद्दल वहीत काही नाही. माझ्या डोक्यात मात्र पानंच्या पानं आहेत, आणि पुढे मी जे केलं ते त्या पानांमुळे केलं.

एका सकाळी खुर्ची रिकामी दिसली. शोधत मागे गेले तर हे अंगणात कर्दळीच्या बेटाभोवती टेप गुंडाळत होते.

"अहो, काय चाललंय?"

"माप घेतोय."

"कशासाठी?"

"आधी माप. कशासाठी ते मागाहून."

(अंगण म्हणजे दुकानाची मागची भिंत आणि आमचं घर यांच्यामधली जागा. एका बाजूला नळ. दुसऱ्या बाजूला कमरेइतकी भिंत, तिच्यापलीकडे घड्याळं दुरुस्त करणाऱ्या शेजाऱ्यांचं अंगण. त्यांना सगळे घड्याळजी म्हणतात. नळापासून त्या भिंतीपर्यंत कर्दळीची अकरा बेटं एका ओळीत. दुकानात कपडे घालून बघायची खोली आहे, तिची खिडकी या ओळीकडे उघडते. पुरुषभर उंचीची पानं म्हणजे त्या खिडकीचा पडदाच. एवढं लक्षात ठेवलं की पुरे.)

पान ४.
गिऱ्हाईक: खिडकीसमोरचं.
तक्रार: नवं पान उघडत नाही. पोंगा बंदचा बंद. जबरदस्तीने उलगडलं तर भोकांची रांग.
तपासणी: आत अळी. पानाच्या दोन कडा शिवून घेते आणि आत बसून खाते.
शेरा: टाका चांगला आहे.

त्या दिवशी यांनी मला हाक मारली ती चष्मा घेऊनच ये म्हणून.

"बघ. दोन टाक्यांतलं अंतर बघ. कुठे कमीजास्त नाही. आणि कुणी शिकवलेलं नाही."

"मग ठेवून घ्या हाताखाली."

"कापड खाते. कामावर ठेवता येणार नाही."

शिवण उसवायचं टोकदार हत्यार यांच्या खिशात असतंच. एकेक रेशमी टाका त्यांनी असा सोडवला की पानाला ओरखडा नाही. आतली अळी साबणाच्या पाण्यात. दुसऱ्या दिवशी पोंगा निम्मा सुटला, तिसऱ्या दिवशी पान पूर्ण उघडलं. मधे भोकं होती, सगळी सारख्या अंतरावर, घडी घालून कापलेल्या कागदासारखी. हे त्या पानासमोर पाच मिनिटं उभे होते. मग आत आले आणि दोन पाव जास्त खाल्ले.

पान ६. गिऱ्हाईक: मधलं. तक्रार: नुसती पानं, फूल नाही. तपासणी: लेकीने मायेने खत घातलं, तेही तीन वेळा. वर दुकानाच्या छपरावरच्या पाटीची सावली. दुरुस्ती: खत बंद. पाटी हलवणार.

(पाटी हलवण्यावरून बापलेकीत दोन दिवस अबोला. पाटी हलली. फूल आलं. लाल.)

पान ७. गिऱ्हाईक: तेच, आणि त्याच्या शेजारचं. तक्रार: पानांच्या पाठीवर तांबडी पूड. तांबेरा. तपासणी: मी वरून पाइपने पाणी मारतो म्हणून. पानं ओली राहतात. दुरुस्ती: पूडवाली पानं तोडून कचऱ्यात. पाणी पायाशी, सकाळी.

पान ८ नाही. ते मी वाणसामानाच्या यादीसाठी फाडलं. हे दोन दिवस शोधत होते.

अशी ती वही भरत गेली. सकाळी सातला हे नळाजवळून सुरुवात करायचे आणि एकेक गिऱ्हाईक बघत भिंतीपर्यंत जायचे. भिंतीपाशी घड्याळजी चहाचा कप घेऊन उभे असायचे. त्यांच्याकडेही एक कर्दळीचं बेट होतं, आमच्याच कंदाचं, दहा वर्षांपूर्वी दिलेलं. त्याच्याकडे त्यांनी कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. वाळकी पानं खाली लोंबत, तांबेरा, अळ्या, सुकलेले तुरे, सगळं नांदत होतं.

"घड्याळजी, तुमच्या झाडाला बघवत नाही."

"मग तुम्ही बघू नका, मास्तर."

"कात्री घेऊन येतो. दहा मिनिटांचं काम."

"माझ्या झाडाला कात्री लावलीत तर तुमच्या घरातली सगळी घड्याळं अर्धा तास मागे करून ठेवीन."

आता कात्रीबद्दल.

टेलरची कात्री कुणी दुसऱ्याने उचलायची नसते. तिने कागद कापायचा नसतो. तिला पाणी लागू द्यायचं नसतं. काम झालं की मशीनच्या तेलाचा बोळा फिरवायचा आणि खणात ठेवायची. यांची मोठी कात्री यांच्याबरोबर निवृत्त झाली आणि यांच्याबरोबरच अंगणात आली. आणि दुकानातून एकही कपडा दोरा लोंबत असताना बाहेर गेलेला नाही, हा या माणसाचा स्वभाव. कर्दळीच्या पानाची कड उन्हाने करपते, वाऱ्याने फाटते, सगळ्यांच्याच बागेत. पण यांना ती कड दिसली की हात थांबायचा नाही. करपलेला भाग गोलाईत कापायचे, पानाचा आकार राखून. लांबून बघणाऱ्याला कळायचंही नाही की कापलंय. अकरा बेटं, रोज, नळापासून भिंतीपर्यंत, एकाच कात्रीने. आठवड्यातून एकदा बेकरीच्या आणि दवाखान्याच्या दारातल्या बेटांचीही कड नीट करून यायचे. शेवटी तेलाचा बोळा.

पान १४. गिऱ्हाईक: नळाजवळचं. पानात पिवळे धागे. शिरेला धरून, सरळ. नक्षी असावी. छान दिसते.

पान १६. गिऱ्हाईक: दुसरं. यालाही नक्षी.

पान १९. नळाजवळचं: धागे तपकिरी झाले. पान आखूड. उंची एकोणपन्नास. (पहिल्यापेक्षा तेरा इंच कमी. माप चुकलं का? परत घेतलं. एकोणपन्नास.) तिसऱ्यालाही धागे. चौथ्यालाही. खराब भाग कापला.

पान २०. कापला.

पान २१. कापला.

पान २२. हे माझं अक्षर, मागाहून लिहिलेलं. यांचं टपोरं, माझं किडमिडं.

मी कर्दळीचं एक पान वर्तमानपत्रात गुंडाळून बसने रोपवाटिकेत गेले. यांना सांगितलं, बटणं आणायला जाते. रोपवाटिकेतल्या बाईंनी पान उजेडाकडे धरलं. हातमोजे घातले. मग मला म्हणाल्या, "काकू, हे कापता तुम्ही?"

"मी नाही. हे कापतात."

"कात्री पुसतात?"

"रोज. तेलाने."

त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाल्या, हा आजार रसातून पसरतो. एका झाडाचा रस पात्याला लागतो, तो दुसऱ्या झाडात जातो. औषध नाही. लागलेलं बेट कंदासकट उकरायचं, पिशवीत बांधून टाकायचं, खतात घालायचं नाही. मातीत एक तुकडा राहता कामा नये. आणि कात्री उकळत्या पाण्यात. "अळी, तांबेरा, फूल न येणं, त्याला काही ना काही करता येतं," त्या म्हणाल्या. "याला नाही."

बसमध्ये दोन जागा रिकाम्या होत्या, तरी मी उभी राहिले.

कारण आजार पसरवणारे दुसरे कुणी नव्हते. हे कळलं तर हा माणूस परत अंगणात जाणार नाही. परत खुर्ची. परत पावणेदहा. मला कर्दळीचं काय, ती मेली तर दुसरी येईल. मला ती सकाळची सातची वेळ हवी होती.

घरी येऊन पहिलं काम काय केलं असेल तर कात्री लपवली. ओव्हनखालच्या खणात, केकच्या साच्यांमागे. सांगायचं कसं ते रात्रभर जुळवलं. इथे लिहून ठेवते:

अहो, रोपवाटिकेत एक बाई भेटल्या — नको, यात मी तिथे गेले होते हे येतं.

अहो, कात्रीला जरा विश्रांती द्या — का म्हणून विचारतील.

अहो, तुमची काही चूक नाही — ही तर सरळ कबुलीच की चूक झालीय.

एकही मजकूर उभा राहीना.

दुसऱ्या दिवशी कात्री सापडेना तेव्हा यांनी दुकान डोक्यावर घेतलं. लेकीला बोलले. "माझ्या खणाला हात लावतेस? ती कात्री तुझ्या वयापेक्षा मोठी आहे." लेक रडवेली झाली, मला म्हणाली, "आई, शपथ, मी घेतलेली नाही." मी म्हटलं, "सापडेल गं." आणि यांनी काय केलं, दोरे कापायची छोटी कात्री घेतली आणि सुरू. कचकच, कचकच, नळापासून भिंतीपर्यंत. मी खिडकीतून बघत होते. आता सांगेन, चहा झाल्यावर सांगेन, उद्या सांगेन.

आठ दिवस गेले.

आठव्या दिवशी मी बाहेर गेले तेव्हा हे दहाव्या बेटापाशी होते. दहावं आणि अकरावं अजून हिरवंगार होतं.

"अहो, थांबा."

"एवढं झालं की येतो."

"कात्रीतून जातंय ते."

"काय जातंय?"

"आजार. पिवळे धागे. एका झाडातून दुसऱ्यात. तुमच्या कात्रीतून."

यांनी छोटी कात्री मिटली. "कोण म्हणालं?"

"रोपवाटिकेतल्या बाई."

"कधी?"

"आज आठवा दिवस."

"आणि आठ दिवस तू मला कापू दिलंस?"

"मोठी कात्री लपवली होती ना मी."

"कुठे?"

"केकच्या साच्यांमागे."

"मी पोरीला बोललो."

"माहीत आहे मला."

घड्याळजी भिंतीपलीकडे उभे होते. त्यांनी कप खाली ठेवला आणि आत गेले.

हेही आत निघाले. मी मागे. दाराशी खुर्ची होती. मला वाटलं, बसले. बसले नाहीत. आधी लेकीकडे गेले. म्हणाले, "कात्री तुझ्या आईने घेतली होती. मी तुला उगाच बोललो." लेकीने माझ्याकडे असं बघितलं की मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारीख शोधायला लागले. मग यांनी फळीवरून मापवही काढली, कापायच्या टेबलावर उघडी टाकली आणि बोट ठेवून वाचत गेले.

"पान चौदा, नळाजवळचं. सोळा, दुसरं. एकोणीस, तिसरं आणि चौथं. मग पाचवं. सहावं. मधे एकही सुटलेलं नाही." बोट परत चौदाव्या पानावर नेलं. "मी ज्या वाटेने जातो त्याच वाटेने आलाय. मीच लिहून ठेवलंय सगळं, तारखांसकट."

"शेवटची तीन-चार चांगली आहेत अजून," मी म्हटलं.

"दिसतायत चांगली. शिवण एका जागी सुटली की आपण अख्खी तपासतो. तेवढीच बोटभर तपासून देत नाही." मग वही मिटली. "बाहेर किती गेलंय?"

"दोन. बेकरी आणि दवाखाना."

"तिथेही मी कापून आलोय."

यांच्या धंद्यात एक पद्धत आहे, यांच्या वडिलांपासूनची. काम बिघडलं आणि चूक आपली असली तर गिऱ्हाइकाने दुकानात यायचं नाही. टेलरने त्याच्या घरी जायचं. स्वतः, धुतलेले कपडे घालून. दारात उभं राहून सांगायचं की चूक माझी, कपडा परत द्या. त्रेचाळीस वर्षांत हे असे सहा वेळा गेले असतील. प्रत्येक वेळी आल्यावर आठवडाभर गप्प.

दुसऱ्या दिवशी सकाळी यांनी दाढी केली, राखाडी कोट घातला. हातात फावडं आणि जाड पिशव्या. कोट घालून फावडं घेतलेला माणूस कसा दिसतो ते मी लिहीत नाही. मी बरोबर गेले. नको म्हणाले नाहीत.

बेकरीवाला दारातच होता, हाताला पीठ.

"मास्तर, एवढे सजून? कुणाला पुरायचं आहे?"

"तुमची कर्दळ."

"का हो? काय केलं तिने?"

"तिने नाही. मी केलं. आजारी झाड आहे, माझ्या कात्रीने आजारी झालंय. परत न्यायला आलोय."

बेकरीवाल्याने कर्दळीकडे पाहिलं. पिवळ्या रेघा चांगल्या दोन-तीन पानांवर होत्या. "मला वाटलं जातच तशी आहे. गिऱ्हाइकं विचारतात, हे पट्ट्यांचं कुठून आणलं. राहू द्या की."

"राहू देता येत नाही."

"बरं, मग मी काढू लागतो. तुमचा कोट खराब होईल, आणि तो दुरुस्त करायला परत तुमच्याच लेकीकडे यावं लागेल."

त्या दोघांनी ते बेट काढलं. हे गुडघ्यावर बसून मातीतला एकेक तुकडा वेचत होते आणि बेकरीवाला वर उभा राहून म्हणत होता, "तो बघा, तो एक राहिला. नाही, तो खडा." निघताना त्याने एक पँट आणून दिली, कमरेत दोन बोटं सोडून हवी होती. "लेकीकडे द्या," हे म्हणाले. "तुम्हीच बघा ना," तो म्हणाला. यांनी पँट खांद्यावर टाकली.

दवाखान्यातली डॉक्टर तरुण आहे. पेशंट नव्हता, ती बाहेर आली.

"पूर्ण काढायचं म्हणता, काका?"

"मुळापासून. आत तुकडा राहिला तर पुन्हा त्रास."

"हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा म्हणते. कुणी ऐकत नाही." मग तिने कात्रीची सगळी हकिकत ऐकली. "म्हणजे सगळ्यांना एकच हत्यार? न उकळता?"

"तेल लावायचो."

"काका, मी असं केलं असतं तर तुरुंगात गेले असते."

"मी कर्दळीचा डॉक्टर, म्हणून वाचलो."

मी वळून पाहिलं. हे हसत होते. त्या सहा वेळांच्या हिशेबाने हे आता आठवडाभर गप्प राहायला हवे होते.

परतताना मी विचारलं, "वाईट नाही वाटलं?"

"वाटलं. पण बोलून टाकलं की तेवढं जड राहत नाही. तू आठ दिवस कशी गप्प बसलीस कोण जाणे. मला एक दिवस जमलं नसतं."

"तुम्ही परत खुर्चीत बसाल असं वाटलं मला."

हे थांबले. रस्त्याच्या मधेच, पिशवी हातात. "मी बसतो तेव्हा तुला एवढा त्रास होतो?"

"होतो."

"कधी बोलली नाहीस."

"आज बोलले."

आमची अकरा बेटं काढायला दोन दिवस गेले. लेकीने ट्रायलच्या खिडकीला अस्तराचं कापड टाचण्यांनी लावलं. अंगण इतकं मोकळं झालं की घड्याळजी आणि आम्ही एकमेकांच्या घरात काय शिजतंय ते बघू शकत होतो, आणि तेही बघायला लागले.

तिसऱ्या दिवशी ते भिंतीवर कोपरं टेकून म्हणाले, "मास्तर, माझ्याही झाडात धागे असतील तर काढा. उगाच राहायला नको."

हे गेले. एकेक पान उलटंसुलटं बघितलं. मी आणि लेक भिंतीपाशी उभ्या. पंधरा मिनिटं झाली.

"काय आहे?" लेकीने विचारलं.

"अळ्या आहेत. तांबेरा आहे. अर्धं बेट वाळलंय, कंद वर आलेत, चार वर्षांपूर्वीचा तुरा अजून तिथेच आहे." हे उठून उभे राहिले. "धागा नाही. एकही नाही."

घड्याळजींना हसू आवरेना. "म्हणजे माझं झाड निरोगी?"

"असं मी म्हटलं नाही."

"म्हणा की."

"आजार नाही एवढंच म्हटलं."

"मास्तर, यातला कंद तुम्हाला लागणार आहे. आधी म्हणा, घड्याळजी, तुमचं झाड चांगलं आहे."

यांनी हाताची माती झटकली. मग म्हणाले, "झाड चांगलं आहे. मालक गबाळा आहे."

"अर्धं चालेल," घड्याळजी म्हणाले.

लगेच लावता येत नव्हतं. रोपवाटिकेतल्या बाईंनी सांगितलं, दीड-दोन महिने थांबा, जुन्या कंदाचा राहिलेला तुकडा कोंब काढतो का बघा, काढला तर उपटा, आणि शेजारच्या झाडावर तोवर लक्ष ठेवा. मी मनात म्हटलं, आता दोन महिने. आता खुर्ची.

तर पान २३ पासून पुढे वही अशी आहे:

पान २३. गिऱ्हाईक: घड्याळजींचं. उंची अठ्ठेचाळीस. घेर मोजता येत नाही, शिस्त नाही. तक्रार: सगळ्या. कात्री वापरायची नाही. हाताने. प्रत्येक झाडानंतर हात साबणाने. (एकच झाड आहे, तरी.)

पान २४. शिवलेले पोंगे नऊ. उसवले नऊ. हत्यार उकळून घेतलं. घड्याळजींनी अळी पाहिली नव्हती. भिंगातून पाहिली. म्हणाले, टाका घड्याळातल्या केसाएवढ्या स्प्रिंगपेक्षा बारीक आहे. त्यानंतर त्यांनी चार उसवले. त्यांचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. त्यांना सांगितलेलं नाही.

पान २५. तांबेऱ्याची पानं खुडली. पाणी पायाशी. घड्याळजी वरून घालत होते. बोललो. तेही बोलले.

पान २६. जुना तुरा काढू देत नाहीत. म्हणतात आठवण आहे. कशाची ते सांगत नाहीत.

पान २७. तुरा काढला. (ते दुकानात असताना. आल्यावर ओळखलं नाही.)

पान २८. ओळखलं.

रोज सातला हे भिंत ओलांडून तिकडे. आमच्या बाजूची मोकळी माती दुपारी चाळणीने चाळायचे. तीन कोंब निघाले, तिन्ही उपटले, तारीख लिहून. बेकरीवाल्याची पँट झाली. मान दुखते म्हणून दोन बैठकांत झाली. बेकरीवाल्याने मग कोट आणला. लेकीने त्या खुर्चीवर इस्त्रीच्या कपड्यांची चळत ठेवायला सुरुवात केली, कुणी काही म्हटलं नाही.

कंद आणले तेव्हा घड्याळजींनी ते स्वतः धुतले, घड्याळाच्या सुट्या भागांसारखे कापडावर ओळीने मांडले. सहा निघाले. प्रत्येकाला दोन तरी डोळे. फावडं उकळलं. फावडं उकळायला आमच्याकडे तेवढं मोठं पातेलं नाही, म्हणून अर्धं अर्धं उकळलं. लेकीने विचारलं, "खिडकीला कापड अजून किती दिवस?" हे म्हणाले, "तीन महिने. चांगला पडदा शिवून देऊ का?" आणि पडदाही शिवला, खाली दोन इंच जास्तीचं कापड दुमडून, पुढे कधी लांब करायचा झाला तर. आत्ता अंगणात अकराच्या जागी सहा आहेत आणि मधली जागा यांना खुपते. मला नाही खुपत. नळाजवळ उभं राहिलं की घड्याळजींशी ओरडून बोलावं लागत नाही.

परवा सकाळी यांनी मला बाहेर बोलावलं. चष्मा घेऊन ये म्हणाले नाहीत, पण मी घेऊनच गेले.

नळाजवळच्या नव्या कोंबाला चार पानं झाली होती. सगळ्यात खालच्याची कड करपलेली. अर्ध्या बोटाएवढी, तपकिरी, जरा फाटलेली. उन्हाने असेल. हे उकिडवे बसले होते, वही मांडीवर, हात वहीवर.

"दिसतंय ना?" हे म्हणाले.

"दिसतंय."

"मी काही केलेलं नाही."

"दिसतंय तेही."

भिंतीपलीकडून आवाज आला, "मास्तर, हात मागे."

"मागेच आहे," हे म्हणाले. मग पेन काढलं आणि लिहिलं. मी वाकून वाचत होते.

पान ३१.
गिऱ्हाईक: नळाजवळचं, नवं.
उंची अकरा इंच.
तक्रार: कड करपली.
दुरुस्ती:

तिथे पेन थांबलं.

"काय लिहू?"

"पाणी घाला आणि गप्प बसा, असं लिहा."

"एवढं मावत नाही ओळीत."

"मग पहिलं तेवढं लिहा."

यांनी लिहिलं, पाणी. थोडं थांबून त्याच्यापुढे लिहिलं, पायाशी. आणि वही माझ्या हातात देऊन बादली भरायला उठले.